पेन्सलीचा शेवटचा वळू

वळूला बाजारात आणलं तेव्हा केझाया चुलीवर वाटाणे शिजवत होती. गल्लीच्या तोंडाशी आरोळी उठली आणि डाव तिच्या हातातच राहिला. लहानपणी ही आरोळी कानावर पडली की ऐरणीवरचं काम टाकून ती अनवाणी पळत सुटायची. बापाच्या खांद्यावर चढायची आणि वळूवर कुत्री सोडली की घसा बसेपर्यंत ओरडायची. आज मात्र ती दाराकडं वळली. आज वळूला अडवायला तिचा नवराच निघाला होता.

रूबेन स्पिंक दाराशी उभा राहून निळ्या कोटाची बटणं लावत होता.

"पाय मुरगळला म्हणून सांग ना," केझाया म्हणाली. "एक दिवसाचा तर प्रश्न. उद्या सगळे पिऊन पडलेले असतील."

"सार्जंट मॅडली माझा पाय स्वतः ओढून बघेल," रूबेन हसला. "तू वाटाणे करपवू नकोस म्हणजे झालं."

"एफ्रम असेल तिथं."

"असणारच. वळू त्यानंच आणलाय."

"त्याच्या अंगावर जाऊ नकोस रे. माझा भाऊ आहे म्हणून नाही सांगत. तो कसा आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून सांगते."

रूबेननं तिच्या गालावरची काजळी अंगठ्यानं पुसली, उंच टोपी डोक्यावर चढवली आणि तो गेला.

पेन्सली हे खिळे घडवणाऱ्यांचं गाव. घरामागे भट्टी नाही असं घर शोधून सापडायचं नाही. बाया, पोरं, म्हातारे, सगळे लोखंडाच्या सळया तापवून खिळे ठोकायचे आणि वर्षातून एकदा, जत्रेच्या आठवड्यात, हातोडा खाली ठेवायचे. मग बाजाराच्या मधोमध दगडात बसवलेल्या लोखंडी कडीला वळू बांधायचा आणि त्याच्यावर कुत्री सोडायची. पणजोबांच्या पणजोबांपासून हे चालत आलेलं. कायद्यानं त्याला बंदी केली होती, पण कायदा लंडनला होता आणि पेन्सलीत पोलीस म्हणून होता चामडं कमावणारा म्हातारा ऑबेडाया. गावकीनं त्याच्या गळ्यात काम मारलेलं, पगार नाही. कोठडीची किल्ली तो हमखास हरवायचा, आणि सापडली की कैद्याबरोबर बिअर प्यायला बसायचा.

मग स्टॅफर्डला परगण्याचे मॅजिस्ट्रेट एका टेबलाभोवती बसले. रस्ते, पूल, तुरुंग, गरिबांना पोसायची पट्टी, सगळं हीच मंडळी ठरवायची. त्यांना कुणी निवडून दिलेलं नव्हतं, जमीन होती एवढंच. त्यांनी परगण्याला पगारी पोलीस आणायचे ठरवले आणि पोलिसांची पट्टी घरोघरी बसवली. निळे कोट आले ते सगळे परमुलखातले. रूबेन नॉरफोकचा. पेन्सलीच्या पोरीशी तो बोलायला लागला, तेव्हा गावानं तोंडं वाकडी केली. चर्चमध्ये लग्न लागत असताना तिचा भाऊ एफ्रम ट्रोमन्स बाहेर भिंतीवर बसून कुत्रीला हाडूक चघळायला देत होता. नवरा-नवरी बाहेर आल्यावर तो मोठ्यानं म्हणाला, "ये बेस, दाजींना सलाम कर. आपल्याच पैशानं आपल्याला बडवायला आलेत." आई ड्रूसिला तेवढी आत बसली होती, तीही शेवटच्या बाकावर.

केझायानं वाटाणे उतरवून ठेवले, शाल ओढली आणि चर्चच्या कुंपणाआडून ती बाजारात डोकावली.

खेळ सुरू झाला होता. वळू काळा, रुंद कपाळाचा. दोर कडीला बांधलेला. एका कुत्र्याला त्यानं शिंगावर घेऊन असं भिरकावलं, की ते दोन माणसांच्या डोक्यावरून जाऊन दगडावर आपटलं आणि फाटलेल्या पोटानं जागीच गोल गोल फिरत राहिलं. लोक हसले. मग एफ्रमनं बेसला सोडलं. ती जमिनीलगत सरपटत गेली आणि वळूच्या नाकाला लोंबकळली. वळूनं मान झटकली, गुडघे टेकले, हंबरला, पण बेस सुटेना. रक्ताची धार तिच्या डोळ्यांत जात होती.

चार निळे कोट गर्दीतून आत घुसले. पुढं सार्जंट मॅडली, लाल मानेचा, शेजारच्या गावाहून आलेला. "दोर कापा!" तो ओरडला. "स्पिंक, दोर काप!"

रूबेन चाकू काढून वाकला. तेवढ्यात बेसनं वळूचं नाक सोडलं आणि रूबेनची पोटरी धरली. तो किंचाळला. एका हातानं त्यानं अर्धा दोर कापला होता. दुसऱ्या हातातला दंडुका त्यानं कुत्रीच्या डोक्यात घातला. एकदा. ती सुटली नाही. दुसऱ्यांदा घातला तेव्हा कडकन आवाज झाला आणि ती खाली पडली.

 एफ्रम पुढं आला, गुडघ्यावर बसला, कुत्रीचं डोकं उचलून त्यानं पाहिलं. ते त्याच्या हातात मऊ लागत होतं.

"दाजी," तो अगदी हळू म्हणाला, "आता तुला कुणाची आई वाचवते ते बघतो."

पहिला दगड कुणी मारला ते कळलं नाही. सार्जंटची टोपी उडाली. वळूनं उरलेला दोर तोडला आणि तो गर्दीत घुसला. एका माणसाची मांडी फाडून, पावांची टोपली शिंगात अडकवून तो ओढ्याकडं पळाला. लोक दोन्ही बाजूंना फाकले आणि परत मिटले ते पोलिसांवर. सळया, पट्टे, बुटांच्या टाचा. मॅडली आणि दोघं शिपाई मार खात खात सराईच्या तळघरात शिरले आणि त्यांनी आतून दाराला पिंप लावलं. रूबेनला तिकडं जायला वाट मिळाली नाही.

केझाया पळत पुढं गेली. रूबेन लंगडत, एका हातानं कान दाबून येत होता, बोटांमधून रक्त गळत होतं. तिनं त्याची बगल धरली, ओढत ओढत त्याला घरात घेतलं, अडसर टाकला आणि टेबल दाराला लावलं.

"मागच्या कैद्यांच्या कोठडीत जा," ती म्हणाली. "तिथलं दार लोखंडी आहे."

"कैद्यासारखा लपू?"

"हो, लप! जिवंत राहशील."

पण त्याचा पाय पुढं पडेना. तो भिंतीला टेकून खाली बसला. तेवढ्यात खिडकीची काच फुटून दगड वाटाण्यांच्या भांड्यात पडला.

बाहेर मोचीदादाचा आवाज आला. लेम्युएल हॅच मोची. गावातला एकटा माणूस जो बिअर पीत नसे आणि वळूच्या खेळाला उघड उघड पाप म्हणायचा. दुकानात वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचा आणि गावकीच्या सभेत विचारायचा, की रस्त्याची पट्टी आम्ही भरतो, मग रस्ता फक्त जमीनदार स्क्वायरच्या खाणीपर्यंतच का होतो? आता तो त्यांच्या दारासमोर हात पसरून उभा होता.

"अरे, माणूस आहे तो! तुमच्यासारखाच पगारी गडी! भांडायचंच तर ज्यांनी धाडलाय त्यांच्याशी भांडा ना!"

"बाजूला हो, म्हाताऱ्या."

"नाही होत."

त्याच्या तोंडावर काठी बसलेली केझायानं फुटक्या काचेतून पाहिली. तो पायरीवर आडवा झाला आणि त्याच्यावरून पाय देऊन लोक दाराला भिडले. तिसऱ्या धक्क्याला अडसर मोडला. केझायानं चुलीवरचं उकळतं पाणी पहिल्या दोघांच्या अंगावर फेकलं. ते ओरडत मागं हटले. त्यांच्यामधून एफ्रम आत आला. तोंडाला काजळी फासलेली, हातात भट्टीवरचा हातोडा.

"एफ, नको," ती म्हणाली. "पाया पडते तुझ्या."

"सरक, केझे."

ती सरकली नाही. चुलीतली तापलेली सळई उचलून तिनं त्याच्या खांद्यावर हाणली. कातडी चरचरली. त्यानं तिला डाव्या हातानं असं ढकललं, की कपाटाच्या कोपऱ्यावर तिचं डोकं आपटलं. डोळ्यांपुढं अंधारी आली, पण शुद्ध गेली नाही. गेली असती तर बरं झालं असतं, असं पुढं तिला कितीदा वाटलं. रूबेननं दोन्ही हात वर केले होते. हातोडा आधी हातांवर पडला, मग हातांमधून कपाळावर पडला. एफ्रमनं तो परत उचलला, समोर पाहिलं आणि खाली टाकून दिला. दारातले लोक मागं सरकले. मग सगळे पळाले.

रूबेन दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. त्याला बोलता आलं नाही. तिचा हात तेवढा तो धरून होता, मोडक्या बोटांनी.

चौकशीच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "कुणाला ओळखलंत का?" केझाया म्हणाली, "तोंडं काळी होती, साहेब." पेन्सलीत सगळ्यांचीच तोंडं काळी असतात, हे त्या अधिकाऱ्याला कुणी सांगितलं नाही. संध्याकाळी ड्रूसिला पाव घेऊन आली. मुलीच्या डोक्यावरची पट्टी तिनं बदलली आणि जाताना म्हणाली, "पोरी, तू बोलली नाहीस. एक गेलाच आहे. दुसरा तरी राहू दे." केझायानं पाव तसाच ठेवला.  नवऱ्याच्या मारेकऱ्याला आपण लपवतोय हे तिला कळत होतं. पण लहानपणी भट्टीची ठिणगी तिच्या केसांत पडली तेव्हा हातानं ती विझवणाराही तोच होता.

गावात सरकारी घोडेस्वार आले आणि त्यांच्यामागून बातमी आली. लेम्युएल हॅचला खुनासाठी धरलं होतं. स्क्वायर पेनीफोल्डच्या तबेल्यातला मोतद्दार शपथेवर सांगत होता, की हातोडा मोचीनंच मारला.

स्क्वायर स्वतः तिच्याकडं आला. गावचा मॅजिस्ट्रेट, निम्म्या खाणींचा मालक. बंदी येण्याआधी जिंकलेल्या कुत्र्याला पितळी पट्टा हाच माणूस सज्जातून फेकायचा. मोडक्या दारातून तो टोपी काढून आत आला.

"मिसेस स्पिंक, तुमच्या नवऱ्याला परगणा विसरणार नाही. तुमचीही सोय बघू. तुम्हाला फक्त एवढंच सांगायचंय, की हॅच दाराशी होता."

"होता, साहेब. पण आडवा पडला होता."

"हात वर केलेला होता. लोकांनी पाहिलाय."

"आमच्यासाठी केला होता."

स्क्वायरनं टोपीवरची धूळ झटकली. "बाई, तुमच्या डोक्याला मार लागलाय. हा माणूस वर्षभर गाव भडकवतोय. आज नाही तर उद्या तो कुणाचा ना कुणाचा जीव घेणारच होता. आणि तुम्ही चौकशीत सांगितलंत, की कुणालाच ओळखलं नाही. मग मोची नव्हता हे तरी कसं ओळखलंत?"

तो गेल्यावर ती बराच वेळ त्या पायरीकडं बघत बसली. हॅचचं रक्त अजून दगडाच्या खाचेत होतं. मग ती उठली आणि आईच्या भट्टीकडं गेली.

एफ्रम काम करत होता. जळलेल्या खांद्यामुळं हातोडा त्यानं डाव्या हातात धरला होता. ड्रूसिला भाता ओढत होती.

"हॅचला फाशी देतील," केझाया म्हणाली.

"देऊ देत. सारखा शहाणपणा शिकवायचा."

"उद्या सराईच्या माडीवर सुनावणी आहे. मी तुझं नाव सांगणार आहे. आज सांगायला आले, म्हणजे तुला पाठीमागून मारलं असं होऊ नये."

भाता थांबला. एफ्रमनं भट्टीतली लाल सळई उचलली आणि तिचं टोक बहिणीच्या गळ्यासमोर आणलं. तिच्या शालीचे धागे आकसायला लागले. ती हलली नाही.

"माझ्या बेसला त्यानं मारलं," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "दोनदा मारलं. तू बघत होतीस."

"बघत होते. नंतरचंही बघत होते."

"मारू का तुला? सांग, मारू?"

"मार. मग तुला दोघांचं भरावं लागेल."

ड्रूसिला दोघांमध्ये शिरली आणि तिनं उघड्या हातानं सळई खाली दाबली. मांस जळल्याचा वास आला. म्हातारी ओरडली नाही. "केझे, जा," ती दात खाऊन म्हणाली. "जा इथनं. परत येऊ नकोस."

सुनावणीला सराईची माडी गच्च भरली होती. हॅचचा एक डोळा मिटलेला, हातात बेड्या. मोतद्दारानं पाठ केल्यासारखं सांगितलं. मग केझाया उभी राहिली. समोर तीन मॅजिस्ट्रेट, मधोमध पेनीफोल्ड.

"माझ्या नवऱ्याला माझा सख्खा भाऊ एफ्रम ट्रोमन्स यानं मारलं," ती म्हणाली. "आमच्या बापाच्या हातोड्यानं. त्याच्या उजव्या खांद्यावर मी सळईनं भाजलेलं आहे. खोटं वाटलं तर सदरा काढून बघा. मोचीदादा आम्हाला वाचवायला उभा राहिला होता, आणि चौकशीत मी खोटं बोलले."

मागून कुणीतरी थुंकलं. एक बाई ओरडली, "भावाला खाल्लंस, बये!" पेनीफोल्ड तिच्याकडं बघत राहिला, मग शेजारच्या मॅजिस्ट्रेटनं खाकरून म्हटलं, "खांदा तपासायला हवा, नाही का?" आता कुणालाच नाही म्हणता येईना.

सार्जंट मॅडलीनं हे काम आनंदानं घेतलं. तळघरातल्या पिंपामागं काढलेला तो दिवस त्याला गाव विसरू देत नव्हतं. पोरं त्याला बघून पिंप वाजवल्याचा आवाज काढायची. तो सहा शिपाई घेऊन गेला. एफ्रम कालव्याकडं पळत होता, त्याला शेतात गाठलं. त्यानं हात वर केले होते असं बोटीवरचे लोक सांगत. तरी दंडुके थांबले नाहीत. मग त्यांनी भट्टी फोडली, भाता फाडला, ऐरण ओढ्यात ढकलली, आणि ड्रूसिला मध्ये आली तेव्हा तिलाही चिखलात ढकललं.

एफ्रमला आणून टाकलं ते केझायाच्या घरामागच्या कोठडीत. नवा शिपाई अजून आला नव्हता आणि कैद्याला जेवण देणं हे शिपायाच्या बायकोचं काम. तिच्या हाती किल्ली देताना मॅडली हसला.

ती पाणी आणि फडकं घेऊन आत गेली. एफ्रमचं तोंड ओळखू येत नव्हतं. ओठ फाटलेले, नाक एका बाजूला. तिनं फडकं लावलं तसा तो दचकला.

"कोण?"

"मीच."

त्यानं तोंडातलं रक्त थुंकलं. मग म्हणाला, "तुझ्या निळ्या कोटांनी चांगलं बडवलं बघ. आता झालं समाधान?"

"नाही."

"मग कशाला सांगितलंस?"

"नाहीतर तो म्हातारा मेला असता, आणि तू रोज माझ्या दारावरून गेला असतास." तिनं फडकं पिळलं. पाणी लाल झालं. "तुझा मला राग आहे, एफ. एवढा की हे फडकं तुझ्या तोंडात कोंबावंसं वाटतंय. हनुवटी वर कर."

त्यानं वर केली. तिनं पावाचे तुकडे दुधात बुडवून एकेक करून त्याच्या तोंडात घातले, कारण त्याचे दात हलत होते. मध्येच तो रडायला लागला. कुत्रीसाठी, स्वतःसाठी की रूबेनसाठी, ते कळलं नाही. तिनं पुढचा तुकडा दुधात बुडवला.

स्टॅफर्डच्या न्यायालयात ज्यूरीनं कुत्रीचा विचार केला. राग भडकला असताना झालेली हत्या, असं म्हणून त्यांनी त्याला फासावरून सोडवलं आणि जन्मभरासाठी समुद्रापार धाडलं. मोतद्दाराला खोट्या शपथेबद्दल कुणी काही विचारलं नाही. हॅच सुटला, पण त्याचं दुकान दोनदा फोडलं गेलं, तेव्हा हत्यारं पोत्यात भरून तो बर्मिंगहॅमला निघून गेला. जाताना केझायाला त्यानं बुटांचा एक जोड दिला.  पुढच्या जत्रेला बाजारात निळ्या कोटांची रांग उभी राहिली, आणि वळू आणायची कुणाची छाती झाली नाही. पेनीफोल्ड मॅजिस्ट्रेट होता तो मॅजिस्ट्रेटच राहिला.

एफ्रमला बंदराकडं नेणारी गाडी पेन्सलीवरून गेली त्या दिवशी सगळं गाव रस्त्यावर होतं. बेड्या घातलेले दहा-बाराजण गाडीत दाटीवाटीनं बसलेले. ड्रूसिला गाडीमागून पळाली, तिचा भाजलेला हात अजून फडक्यात होता. एफ्रम ओरडून काहीतरी म्हणाला, चाकांच्या खडखडाटात ते कुणाला कळलं नाही. वळणावर म्हातारी थांबली, वळली आणि गर्दीतून सरळ केझायासमोर येऊन उभी राहिली.

चांगल्या हातानं तिनं लेकीच्या तोंडात मारली. खिळे ठोकणारा हात होता तो. केझायाचा ओठ फुटला, ती धडपडली, पण तिनं मान खाली घातली नाही. गर्दी बघत होती. कुणी हसलं नाही.

ड्रूसिलानं परत हात उचलला, पण तो वरच राहिला. मग ती पुढं झुकली. पडता पडता तिनं केझायाचाच दंड धरला.

"माझ्यानं चालवत नाही," ती म्हणाली. "घरी ने मला."

केझायानं ओठावरचं रक्त बाहीनं पुसलं, आईच्या कमरेभोवती हात घातला आणि दोघी फुटक्या भट्टीच्या घराकडं चालू लागल्या. लोक बाजूला झाले.